पंचाहत्तर टक्क्यांची रेघ: एका कॅम्पस भरतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे परिसरातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं आहे. गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटसाठी ही कंपनी सॉफ्टवेअर लिहिते. कंपनीचं, कॉलेजांचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. २०२५ साली पदवीधर होणाऱ्या बॅचची भरती २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हायची होती. त्याआधी भरतीचे निकष तपासायला एक छोटी समिती नेमली गेली आणि तिच्यात तांत्रिक बाजूने मी होते.

कंपनी दरवर्षी चाळीसेक ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी घेते. मुलं चार प्रकारच्या ठिकाणांहून येतात. पहिलं ठिकाण म्हणजे राष्ट्रीय पातळीवरची एक नावाजलेली सरकारी संस्था. दुसरं एक खासगी अभिमत विद्यापीठ. तिसरं पुण्यातलं जुनं, आता स्वायत्त झालेलं कॉलेज. आणि चौथ्या गटात राज्य विद्यापीठांशी संलग्न असलेली, बहुतेक जिल्ह्याच्या गावातली काही कॉलेजं. पुढे यांना मी ‘राष्ट्रीय’, ‘खासगी’, ‘स्वायत्त’ आणि ‘संलग्न’ एवढंच म्हणेन.

निकष सगळ्यांना सारखे होते. दहावी आणि बारावी किंवा डिप्लोमा ६० टक्के ‘थ्रूआउट’, डिग्रीला ७५ टक्के, चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नको, शिक्षणात एक वर्षाहून जास्त खंड नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही टीपीओच्या (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या) नोटीस बोर्डावर असंच काहीतरी लिहिलेलं असतं. हे आकडे कोणी, कधी आणि कशावरून ठरवले, हे कंपनीत कोणालाच सांगता आलं नाही. अर्ज फार येतात, चाळणी लागतेच, आणि टक्के सगळ्यांकडे असतात, एवढंच कारण पुढे आलं.

पगार मात्र सारखा नव्हता. राष्ट्रीय संस्थेतून आलेल्या ट्रेनीचं पॅकेज इतरांपेक्षा बरंच वर होतं. काम तेच, ट्रेनिंग तेच, बसायची जागाही तीच. याकडे शेवटी येते.

अडचण कशी लक्षात आली

सुरुवात एका तक्रारीने झाली. ट्रेनिंग विभागाच्या प्रमुखांनी सांगितलं की, गेल्या दोन बॅचमध्ये डिग्रीला नऊच्या वर सीजीपीए (दहापैकी श्रेणींची सरासरी) असलेली काही मुलं एम्बेडेड सी मधल्या, म्हणजे चिपसाठी लिहायच्या सी भाषेतल्या, अगदी पायाभूत गोष्टींवर अडखळतात. ‘व्होलाटाइल’ कशासाठी लिहायचं, इंटरप्ट चालू असताना सामायिक व्हेरिएबलचं काय होतं, एका रजिस्टरमधला नेमका एकच बिट कसा बदलायचा, असे ते प्रश्न होते. उलट संलग्न कॉलेजांतून जेमतेम निकषात बसून आलेली मुलं ट्रेनिंगच्या शेवटच्या मूल्यमापनात वरच्या फळीत दिसत होती.

यावर बैठकीत लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, “गुण फुगलेत, त्यांच्याकडे बघूच नका.” दुसऱ्याचं म्हणणं, “मग नाव बघा. चांगल्या संस्थेतलं मूल चांगलंच असतं, प्रवेश परीक्षेने चाळणी आधीच लावलेली असते.” दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. पण चाळणीत नेमकं काय अडकतंय हे दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. म्हणून आधीच्या वर्षी नाकारलेले अर्ज काढले गेले.

पहिली गोष्ट जी सापडली ती बघून खोलीतले सगळेच गप्प झाले. अर्जाच्या फॉर्ममध्ये सीजीपीएसाठी रकानाच नव्हता. फक्त ‘टक्केवारी’ होती. खासगी विद्यापीठातली मुलं आपला सीजीपीए सरळ दहाने गुणून टाकत होती, कारण त्यांच्या संस्थेने तसंच सांगितलं होतं. ७.५ म्हणजे ७५, निकषात बसलं. संलग्न कॉलेजांतली बरीच मुलं मात्र एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे हिशोब करत होती. त्यात सीजीपीएमधून ०.७५ वजा करून मग दहाने गुणायचं असतं. म्हणजे ६.७५ चे ६० टक्के आणि ८.२५ चे ७५. या हिशोबाने ८.० सीजीपीए असलेल्या मुलीचे ७२.५ टक्के झाले आणि संगणकाने तिला बाहेर काढलं. तिच्यापेक्षा अर्धा गुणांक कमी असलेला खासगी विद्यापीठातला मुलगा परीक्षेला बसला. कोणी लबाडी केली नव्हती. दोघांनी आपापल्या संस्थेने दिलेलं सूत्रच वापरलं होतं.

म्हणजे ‘सगळ्यांना सारखा’ असलेला निकष संलग्न कॉलेजांसाठी ८.२५ होता आणि खासगीसाठी ७.५. ही रेघ कोणी जाणूनबुजून वाकडी आखलेली नव्हती, पण कित्येक वर्षं ती वाकडीच होती.

ट्रेनिंगमधल्या निकालाचा अर्थही यामुळे बदलला. संलग्न कॉलेजांतली मुलं वरच्या फळीत दिसत होती, यावरून ती कॉलेजं सरस ठरत नाहीत. ती मुलं जास्त कडक चाळणीतून आली होती, म्हणून जी उरली ती भक्कम होती. एखाद्या गटातली निवडलेली माणसं सातत्याने अपेक्षेपेक्षा चांगली निघत असतील, तर त्या गटासाठी आपण दार जास्त अरुंद ठेवलंय का, हे आधी तपासायला हवं. बैठकीत हा मुद्दा समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच होता.

गुणांच्या मागे काय असतं

सूत्राचा घोळ सोडवला तरी मूळ प्रश्न उरतोच. एका ठिकाणचा ८ आणि दुसऱ्या ठिकाणचा ८ एकच असतो का?

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दहा अंकी श्रेणीपद्धत सुचवली, तिच्यात ‘ओ’ म्हणजे १० आणि ‘ए प्लस’ म्हणजे ९. पण किती गुणांना कोणती श्रेणी द्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही ठिकाणी ८० गुणांपासून ‘ओ’ सुरू होतो, तर काही ठिकाणी त्यासाठी ९० लागतात. ८२ गुण मिळवणारा विद्यार्थी एका ठिकाणी १० घेतो आणि दुसरीकडे ९. राष्ट्रीय संस्थेत श्रेणी बऱ्याचदा वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते, म्हणून तिथे हुशार मुलांच्या गर्दीत एखाद्याचा ६.८ होतो आणि तो मुलगा कामात उत्तम असू शकतो.

पेपर कोण काढतं आणि कोण तपासतं, हा फरक त्याहून मोठा आहे. संलग्न कॉलेजात सेमिस्टरचा पेपर विद्यापीठ काढतं. तोच पेपर नाशिकलाही असतो आणि अहिल्यानगरलाही. तपासणारा प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजचा असतो आणि उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. त्या पद्धतीत दुसऱ्या उणिवा आहेत. पाठांतराला भाव मिळतो, पेपर तपासताना घाई होते, पुनर्मूल्यांकनात गुण वीस-वीसने हलतात. पण कॉलेजला आपल्या मुलाचे लेखी गुण हवे तसे वाढवता येत नाहीत. टर्मवर्क आणि ओरलमध्ये हात सैल सुटतो, तो वेगळा भाग. स्वायत्त कॉलेजात आणि खासगी विद्यापीठात शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा बहुधा एकच असतो. यामुळे अभ्यासक्रम ताजा ठेवता येतो, प्रोजेक्टला वजन देता येतं, आणि हे फार चांगलं आहे. पण गुण वर नेण्याचा दबावही थेट त्याच माणसावर येतो.

हा दबाव येतो कुठून, हे खासगी विद्यापीठाच्या टीपीओ मॅडमनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. “तुम्ही ७५ची रेघ मारता. शेजारच्या विद्यापीठाची सगळी मुलं तिच्या वर असतात. आम्ही कडक तपासलं तर आमची मुलं तुमच्याच चाळणीत अडकतात, पालक आमच्या दारात येतात, आणि पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतात. आधी तुम्ही रेघ काढा, मग आम्ही कडक होतो.” त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. गुण फुगण्याला नोकरी देणारे जबाबदार नाहीत असं मानूनच कंपनी या चर्चेत उतरली होती. प्रत्यक्षात कट-ऑफ लावणारी प्रत्येक कंपनी या फुगवट्याला हातभार लावत असते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ मध्ये ‘ए’ गटातल्या श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवायचं धोरण आणलं आणि २०१४ मध्ये ते मागे घेतलं. इतर नामांकित विद्यापीठं हात सैल ठेवत असताना आपण एकट्यानेच कडक राहिलो तर मुलांचं नुकसान होतं, ही विद्यार्थ्यांची सततची तक्रार होती. हार्वर्डमध्ये सगळ्यात जास्त दिली जाणारी श्रेणी ‘ए’ असल्याचं २०१३ मध्ये समोर आलं, आणि २०२५ च्या तिथल्या अहवालात पदवी अभ्यासक्रमातल्या सुमारे ६० टक्के श्रेणी ‘ए’ असल्याचं म्हटलं आहे. तिथल्या पदवीधराला याचा फटका फारसा बसत नाही. गुणांनी फरक कळेनासा झाला की नोकरी देणारा संस्थेच्या नावाकडे वळतो, आणि नाव त्याच्याकडे असतंच. फटका बसतो तो साध्या कॉलेजातल्या पहिल्या नंबराच्या मुलाला. त्याच्याकडे दाखवायला गुणच असतात. सगळीकडे नऊ दिसायला लागले की त्याच्या नऊला कोणी विचारत नाही. इतका अन्याय होऊनही तो कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

एका बॅचची दहावी-बारावी

‘थ्रूआउट ६०’ हा निकष २०२५ च्या बॅचला लावायचा की नाही, यावर वेगळी चर्चा झाली, कारण या मुलांचा प्रवास विलक्षण आहे.

यांतली राज्य मंडळाची मुलं दहावीला मार्च २०१९ मध्ये बसली. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकलेले होते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. सीबीएसईच्या मुलांचे अंतर्गत गुण तसेच राहिल्याने अकरावी प्रवेशाच्या वेळी केवढा गदारोळ झाला होता, हे अनेक पालकांना आठवत असेल. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

तीच मुलं २०२१ मध्ये बारावीला होती. परीक्षा झालीच नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला गेला आणि तो ९९.६३ टक्के लागला. म्हणजे एकाच बॅचच्या हातात अलीकडच्या काळातली सगळ्यात कडक दहावी आणि सगळ्यात सैल बारावी आहे. दहावीनंतर डिप्लोमाला जाऊन थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलेली मुलंही याच बॅचमध्ये आहेत. त्यांच्याकडे ती सैल बारावीही नाही, कडक दहावी मात्र आहे. संलग्न कॉलेजांत अशा मुलांचं प्रमाण बरंच असतं, आणि हार्डवेअरवर हात बसलेली बहुतेक हीच असतात.

कोविडच्या काळातल्या गुणांवर लोकांचा किती कमी विश्वास होता हे सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२० मध्ये राज्यातल्या काही कृषी विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शेरा आला होता आणि ओरड झाल्यावर तो काढावा लागला. २०२१ मध्ये एका खासगी बँकेच्या मदुराईतल्या भरतीच्या जाहिरातीत त्या वर्षी उत्तीर्ण झालेले पात्र नाहीत असं छापून आलं, नंतर ती चूक असल्याचा खुलासा झाला. आमच्या बैठकीतही “कोविड बॅच आहे, जरा जपून” हे वाक्य निघालंच. मुलांनी काय केलं असतं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय राष्ट्रीय संस्था आणि स्वायत्त कॉलेज सोडून बाकी कॅम्पस बंद करण्याचा. व्यवस्थापनातल्या दोघांना तो मनापासून पटत होता. क्लायंटला टीमची माहिती देताना नावं बरी दिसतात, हेही कारण होतं. पण राष्ट्रीय संस्थेतून ऑफर स्वीकारलेल्यांपैकी बरेचजण रुजूच होत नसत, किंवा वर्षभरात एमएससाठी वा दुसऱ्या नोकरीसाठी जात. कंपनीच्या मोबदल्यात आणि कामाच्या प्रकारात ते स्वाभाविकच होतं.

दुसरा पर्याय रेघ ७५ वरून ८५ वर नेण्याचा. बहुतेक कंपन्या हेच करतात. यातून फक्त सैल हाताच्या संस्थांची मुलं वाढली असती. सुदैवाने फॉर्मचा घोळ नुकताच सापडला असल्याने हा पर्याय फार टिकला नाही.

तिसरा, टक्केवारी रद्द करून सगळ्यांकडून मूळ सीजीपीए घ्यायचा. खर्च शून्य, आणि निदान सूत्राचा अन्याय थांबतो. श्रेणी फुगण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

चौथा, सीजीपीए त्या-त्या कॉलेजच्या, त्या-त्या शाखेच्या बॅचमध्येच वाचायचा. म्हणजे मुलगा आपल्या वर्गात कुठे आहे ते बघायचं. मला हा पर्याय सगळ्यात जवळचा वाटत होता. पण अडचणी खऱ्या होत्या. कॉलेजं क्रमवारी द्यायला नाखूश असतात. ३० जणांच्या वर्गात क्रमांकाला फारसा अर्थ नसतो. आणि राष्ट्रीय संस्थेत वर्गाच्या खालच्या अर्ध्यात असलेला मुलगाही चांगला असू शकतो, त्याला केवळ सोबतच्यांमुळे बाद करणं हाही अन्यायच.

पाचवा पर्याय एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल मागण्याचा. राज्यातल्या मुलांसाठी ही एकच परीक्षा सगळ्यांना समान असते, म्हणून कल्पना आकर्षक वाटली. पण डिप्लोमातून आलेल्यांकडे ते नसतं, आणि अठराव्या वर्षी परवडलेल्या क्लासचा परिणाम बावीसाव्या वर्षी पुन्हा का मोजायचा, या प्रश्नावर ती मागे पडली.

शेवटचा पर्याय कामाचाच नमुना द्यायचा. बाजारात मिळणाऱ्या ॲप्टिट्यूड चाचण्या वेग आणि इंग्रजी जास्त मोजतात, असा ट्रेनिंग विभागाचा अनुभव होता. त्याऐवजी आपल्या रोजच्या कामातला एक लहान तुकडा काढायचा आणि तो सगळ्यांकडून करून घ्यायचा. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त.

काय ठरलं

एकच पर्याय निवडला गेला नाही. फॉर्ममधून टक्केवारी गेली आणि मूळ सीजीपीए आला. या बॅचसाठी दहावी-बारावीची अट काढली. चाचणीला बसायला दोनपैकी एक गोष्ट पुरे ठरली: सीजीपीए ७ च्या वर, किंवा आपल्या वर्गाच्या वरच्या अर्ध्यात असल्याचं विभागप्रमुखाचं पत्र. पुढचा निर्णय मात्र कामाच्या नमुन्यावर आणि मुलाखतीवर, त्यात सीजीपीए मोजायचाच नाही.

चालू बॅकलॉगची अट व्यवस्थापनाने सोडली नाही. त्याला कारणही होतं, निकाल लांबला की रुजू होण्याची तारीख हलते. खंडाच्या अटीवर जोराचा वाद झाला. वायडी लागलेली, म्हणजे एक वर्ष मागे पडलेली मुलं संलग्न कॉलेजांत जास्त असतात, कारण तिथे विद्यापीठाच्या एखाद्या पेपरात वर्ष जातं आणि सावरून घेणारं कोणी नसतं. स्वायत्त ठिकाणी फेरपरीक्षा लवकर मिळते. शेवटी खंडाची मर्यादा एकवरून दोन वर्षांवर नेली गेली.

पगारातल्या फरकाला हात लावायचा नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. राष्ट्रीय संस्थेचा प्लेसमेंट विभाग पॅकेजच्या आकड्यावर कंपन्यांना दिवस देतो, आकडा खाली आणला तर दिवसच मिळणार नाही, हा युक्तिवाद मान्य झाला.

अंमलबजावणी

कामाचा नमुना दीड तासाचा होता. साधारण दीडशे ओळींचा सी मधला कोड छापून दिला. तापमानाच्या सेन्सरचं वाचन घेऊन पंखा चालू-बंद करणारा हा कोड होता आणि त्यात मुद्दाम तीन चुका पेरलेल्या होत्या. त्या शोधायच्या, का चुका आहेत ते लिहायचं, आणि एक लहान फंक्शन नव्याने लिहायचं. उत्तर मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिण्याची मुभा होती. ही मुभा ट्रेनिंग प्रमुखांनी आग्रहाने आणली. समितीतले काहीजण साशंक होते, पण चूक कळली आहे का एवढंच तपासायचं असेल तर भाषेची अट कशाला, याला उत्तर नव्हतं.

उत्तरपत्रिकेवर फक्त रोल कोड. कॉलेज, नाव, सीजीपीए काहीच नाही. प्रत्येक पेपर दोघांनी स्वतंत्र तपासला, गुणांत मोठा फरक आला की तिसऱ्याकडे. तपासणारे सगळे रोज कोड लिहिणारे इंजिनिअर होते, एचआरचं कोणी नव्हतं.

संलग्न कॉलेजांसाठी चाचणी पुण्यात न घेता खानदेशातल्या आणि सोलापूरकडच्या एकेका कॉलेजात पूल कॅम्पस म्हणून, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची एकत्र, घेतली. आधी या मुलांना रात्रीच्या एसटीने शिवाजीनगरला उतरून सकाळी नऊला पेपर द्यावा लागत असे. न झोपलेल्या मुलाची खासगी विद्यापीठाच्या वसतिगृहातून चालत येणाऱ्या मुलाशी तुलना होत होती आणि हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

एका संलग्न कॉलेजच्या टीपीओ सरांनी विनंती केली, “आमच्या टॉपरला तरी थेट मुलाखत द्या, तिने चार वर्षं मेहनत केली आहे.” समितीने नाही म्हटलं. ती मुलगी चाचणीला बसली आणि तिने सगळ्या केंद्रांत मिळून पहिल्या काही जणांत जागा मिळवली. त्यानंतर सरांचा फोन आला तेव्हा त्यांनी मुलीचं कौतुक केलं, आणि पेपर कोणी तपासला याची चौकशीही केली.

परिणाम

चाचणीत सरासरीने राष्ट्रीय संस्थेचीच मुलं पुढे होती. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण “गावाकडची मुलंच खरी हुशार” असा सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह समितीतल्या काहींना झाला होता. प्रवेशाच्या वेळची चाळणी, प्रयोगशाळा, सोबतचे विद्यार्थी, या सगळ्याचा परिणाम असतोच. पण कॉलेजा-कॉलेजांमधल्या फरकापेक्षा एकेका कॉलेजच्या आतला फरक कितीतरी मोठा निघाला. प्रत्येक ठिकाणी उत्तम मुलं होती आणि प्रत्येक ठिकाणी तिन्ही चुकांपैकी एकही न सापडलेली मुलंही होती, राष्ट्रीय संस्थेतसुद्धा.

सीजीपीएबद्दल दिसलं ते असं: एकाच कॉलेजातल्या मुलांची तुलना केली तर जास्त सीजीपीएवाल्यांनी साधारणपणे जास्त गुण मिळवले. वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं एकत्र केली की हा संबंध जवळपास नाहीसा झाला. सीजीपीएला अर्थ आहे, पण त्याच्या घरातच. आमची ७५ची रेघ नेमकी उलट गोष्ट करत होती.

शेवटी निवडलेल्यांत संलग्न कॉलेजांतल्या मुलांचा वाटा आधीपेक्षा ठळकपणे वाढला, स्वायत्तचा तेवढाच राहिला, खासगीचा कमी झाला. डिप्लोमातून आलेल्या मुलांनी कोडमधल्या चुका शोधण्यात विशेष चमक दाखवली. राष्ट्रीय संस्थेतून कमी मुलं घेतली, पण त्यांतल्या बहुतेकांनी रुजू होण्याआधी स्वतःहून विचारलं की कंट्रोल युनिटवर प्रत्यक्ष काम मिळेल का. अशी मुलं टिकतात, असा ट्रेनिंग विभागाचा अनुभव आहे.

मुलाखतीत मात्र जुनं सगळं परत आलं. समोर मूल बसलं की कॉलेज कळतंच, आणि इंग्रजी ऐकूनही अंदाज बांधला जातो. नमुन्यात वरचे गुण असलेली संलग्न कॉलेजातली काही मुलं ‘कम्युनिकेशन’ या शेऱ्याखाली गळाली. त्या शेऱ्याची व्याख्या कुठेच लिहिलेली नव्हती. एका मुलाने इंटरप्टचा प्रश्न मराठीत अचूक समजावला आणि पॅनेलवरच्या एकाने त्याला तोच इंग्रजीत सांगायला लावला, तिथे तो गडबडला. क्लायंटशी बोलावं लागतं हे खरं आहे, पण ट्रेनीला पहिली दोन वर्षं क्लायंटसमोर कोणी नेत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी निनावी ठेवण्यावर जेवढी मेहनत घेतली, तेवढी मुलाखतीच्या रचनेवर घ्यायला हवी होती. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, प्रत्येक उत्तराला आधी ठरवलेले गुण, आणि पॅनेलवर निदान एक माणूस संलग्न कॉलेजातून आलेला. ‘कम्युनिकेशन’ मोजायचंच असेल तर तांत्रिक उत्तर उमेदवाराला सोयीच्या भाषेत घ्यायचं आणि इंग्रजी वेगळं तपासायचं. २०२६ च्या बॅचसाठी यातल्या पहिल्या दोन गोष्टी अमलात आल्या आहेत.

विभागप्रमुखाच्या पत्राचा मार्ग फारसा उपयोगी पडला नाही. काही कॉलेजांनी मागेल त्याला पत्र दिलं, काहींनी कोणालाच नाही. शाखेच्या सीजीपीएचा मध्यांक (वर्गातल्या बरोबर मधल्या मुलाचा सीजीपीए) एवढाच आकडा कॉलेजकडून एकदा मागितला असता तर काम सोपं झालं असतं, आणि कोणाचीही वैयक्तिक क्रमवारी मागावी लागली नसती. गुणपत्रकावरच त्या विषयातला वर्गाचा मध्यांक छापायची सक्ती विद्यापीठांवर झाली तर प्रत्येक कंपनीला हा खटाटोप वेगळा करावा लागणार नाही.

नाकारलेल्या अर्जांची तपासणीही दरवर्षी व्हायला हवी. निवडलेल्यांची कामगिरी सगळेच बघतात. फॉर्ममधला घोळ सापडला तो नाकारलेले अर्ज उघडले म्हणून.

पगाराचा प्रश्न मात्र पुढे ढकलला गेला आणि तो ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्यात वर आला. ट्रेनी एकमेकांना आकडे सांगतात, हे गृहीत धरायलाच हवं होतं. निनावी चाचणीत एकमेकांच्या मागेपुढे असलेल्या, शेजारी बसून तेच मॉड्यूल लिहिणाऱ्या दोघांच्या पगारात कॉलेजच्या नावामुळे फरक आहे, हे कळल्यावर संलग्न कॉलेजातली एक मुलगी थेट एचआर प्रमुखांकडे गेली आणि तिने आपल्या चाचणीचे गुण मागितले. ते देण्याचा नियम नव्हता. समितीने दोन शिफारशी लेखी दिल्या आहेत: चाचणीचे गुण प्रत्येक उमेदवाराला कळवावेत, आणि ट्रेनिंग संपताना सर्वांचा पगार त्या वेळच्या मूल्यमापनावर एकाच पातळीवर आणावा. पहिली मान्य झाली. दुसरीवर व्यवस्थापनाने राष्ट्रीय संस्थेच्या पुढच्या प्लेसमेंट हंगामापर्यंत वेळ मागितला आहे.